खुर्द्याचा दुष्काळ आणि कागदी रुपया

पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव असा चढला की रुपयातील धातूचीच किंमत त्याच्या दर्शनी मूल्यास ओलांडू पाहू लागली, तेव्हा हिंदुस्थान सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची व जानेवारी १९१८ मध्ये अडीच रुपयांची नोट काढली. परंतु त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडणाऱ्या मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर, जेथे मासळीचा सौदा आण्या-पैशांत होई आणि मुंबईच्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर घरे चालत, तेथे कागदी रुपया हाती आला तरी तो मोडावा कोठे, हा खरा प्रश्न होता; आणि इंग्रजी अमलाने त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असे मला निश्चित वाटते. सावंतवाडी संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे, पोर्तुगीज अमलातील गोव्यात, बांकु नासिओनाल उल्त्रामारिनु या बँकेने १ ऑक्टोबर १९१७ या तारखेच्या चार व आठ टांगांच्या, म्हणजे पावली-अधेलीच्या मोलाच्या, नोटा काढल्या होत्या. तेथील रुपिया सोळा टांगांचा असे. गरिबाच्या व्यवहाराची ही जाण अधिक होती.

दुसऱ्या महायुद्धात १९४० साली गरजेबाहेर नाणी साठविणे गुन्हा ठरले, बंद झालेली एक रुपयाची नोट परतली, रुपयातील चांदी निम्म्यावर आली. १९४३ मध्ये धातू वाचविण्यासाठी भोकाचा पैसा पाडण्यात आला. तोवर काठेवाड-राजपुतान्यातील कित्येक संस्थानांनी पुठ्ठ्याची कूपने चालविली होती, आणि अन्यत्र टपालाची तिकिटेच मोड म्हणून हातोहात फिरत होती.