‘गळती’ ह्या शब्दाआड : मोताळा परिसरातील शालेय रचना आणि शैक्षणिक विषमता

१९२९ साली हार्टोग समितीने हिंदुस्थानातील शिक्षणाविषयीचा आपला अहवाल सादर केला. प्राथमिक शिक्षणाच्या दोन दोषांवर त्यात विशेष भर होता. मूल एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे अडकून पडणे हा एक, आणि प्राथमिक अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वीच त्याने शाळा सोडणे हा दुसरा. ह्या दुसऱ्या दोषासाठी मराठीत ‘गळती’ हा शब्द रूढ झाला. मूळ इंग्रजी संज्ञेचा अर्थ नासाडी असा होता, आणि नासाडी म्हटली की ती करणारा कोणीतरी गृहीत धरावा लागतो. ‘गळणे’ हे मात्र अकर्मक क्रियापद होय. पाने गळतात, घागर गळते, तसे मूल शाळेतून गळते; गाळणारा वाक्यात कोठेच येत नाही. शिक्षणशास्त्राच्या मराठी परिभाषेने ही सोय विनातक्रार स्वीकारली आहे.

ह्या व्याख्येत आणखी एक मेख आहे. प्राथमिक शाळा जेथे चौथीला संपते तेथे चौथी उत्तीर्ण होऊन थांबलेले मूल गळतीत मोजले जात नाही. पुढची शाळा गावात नाही म्हणून ते थांबले असले, तरी हिशेबापुरते त्याचे शिक्षण पूर्ण झालेले असते. ही गाळणारी रचना कशी घडली हे पाहण्यास बुलढाणा जिल्ह्यातील मोताळ्याचा परिसर उपयुक्त आहे.

मोताळा हे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, नळगंगेच्या खोऱ्यातील गाव. उत्तरेस रेल्वेवरील मलकापूर, दक्षिणेस राजूर घाट चढून गेल्यावर बुलढाणा. १९६१ च्या जनगणनेच्या वेळी जिल्ह्यात मलकापूर, खामगाव, जळगाव, चिखली व मेहकर असे पाचच तालुके होते आणि मोताळा मलकापूर तालुक्यात मोडत असे. स्वतंत्र तालुक्याचा दर्जा त्यास पुढे मिळाला. (जिल्ह्याचे ठाणे असलेले बुलढाणाही त्या काळी चिखली तालुक्यातच होते.) हा तपशील केवळ महसुली नव्हे. शाळेची वरची पायरी बहुधा कचेरीच्या गावी किंवा कापसाच्या बाजारपेठेत बांधली जाई, आणि जे गाव दोन्ही नव्हते त्याच्या वाट्यास खालची पायरी येई.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला व १८६० नंतरच्या दशकात तेथे शिक्षण खात्याची घडी बसली. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातील सरकारी हायस्कुलांची ठिकाणे अकोला व अमरावती ही होती. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतास जोडला गेला. त्यानंतर स्थिरावलेल्या रचनेत चार इयत्तांच्या मराठी प्राथमिक शाळेपुढे दोन वाटा फुटत. पहिली देशी भाषेच्या मिडल शाळेची. ती वर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेशी संपे आणि उत्तीर्ण झालेल्यास फार तर शाळामास्तर वा पटवारी करी. दुसरी वाट इंग्रजी शिकविणाऱ्या आंग्ल-देशी मिडल शाळेची. हायस्कूल, मॅट्रिक आणि कॉलेज हिच्याच पुढे होते. दोन्ही वाटांवर चालणारी मुले एकाच भाषेची, पुष्कळदा एकाच गावची. दहाबारा वर्षांच्या वयात कोणती वाट धरावयाची हे बुद्धीवरून ठरत नसे. मलकापूरला किंवा खामगावला कोणी नातेवाईक आहे काय, आणि शेतातील एक हात कमी झाला तर घराचे भागते काय, ह्यांवर ते ठरे. वऱ्हाडात पहिले कॉलेज, अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, १९२३ साली निघाले. तोवर पदवीसाठी नागपूर किंवा त्याहून दूर जाणे प्राप्त होते.

भाषेच्या अभ्यासकास ह्या दुभंगात एक गोष्ट स्पष्ट दिसेल. मराठी ही शिक्षणाची भाषा ठरली खरी, परंतु ज्या वाटेवर ती एकटी होती ती वाट मध्येच संपत होती. लोकांनी त्यावरून जो निष्कर्ष काढला तो अडाणीपणाचा नव्हता. आज सेमी-इंग्रजी वर्गासाठी हट्ट धरणाऱ्या पालकाची भाषाप्रेमी मंडळी जी कुचेष्टा करतात, तीत ह्या इतिहासाचे विस्मरण आहे.

जातीचा अडसर ह्या रचनेहून निराळा असला तरी तिच्यातूनच काम करी. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या महार मुलाचे प्रकरण गाजले. त्यानंतर सरकारी शाळा सर्व जातींस खुल्या असल्याचे तत्त्व जाहीर झाले. वऱ्हाडासही आपल्या कक्षेत घेणाऱ्या १८८२ च्या हंटर आयोगाने त्याचा पुनरुच्चार केला. मात्र जेथे विरोध होईल तेथे विशेष शाळांचा मार्ग सुचविला. जोतीराव फुले ह्यांनी त्याच आयोगापुढे दिलेल्या निवेदनात रयतेच्या करातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते असा आक्षेप घेतला होता आणि बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले होते. महार-मांगांच्या मुलांना इतरांबरोबर बसू देत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या शाळांची मागणीही त्यात होती. त्यांच्या आक्षेपाचा रोख जमाखर्चावर होता, आणि तो वऱ्हाडच्या कापूस पिकविणाऱ्या कुणब्यालाही तंतोतंत लागू पडावा असा होता.

तुटलेल्या शिडीवर वऱ्हाडाने शोधलेला खरा उपाय वसतिगृहाचा. पंजाबराव देशमुख ह्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय चालविले, १९३० ते १९३३ ह्या काळात प्रांताचे शिक्षणमंत्रिपद भूषविले आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. गावात शाळा नेता येत नसेल तर मुलाला शाळेच्या गावी ठेवावे, हा ह्यामागील विचार. त्याची मर्यादाही उघड होती. वसतिगृहात मुलगे आले. मुलीस परगावी ठेवण्याचे धाडस फार थोड्या घरांना झाले.

१९३८ च्या सुमारास रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजना आली. जमिनीच्या उत्पन्नावर खेड्यातील शाळा चालवावी अशी तिची कल्पना होती. तीही प्राथमिकच्या पुढे पोचली नाही, आणि तिच्या नावावरून मुसलमान समाजात विरोध उठला तो निराळाच. १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा. ह्या स्थित्यंतरांत खालची पायरी सार्वजनिक संस्थांकडे राहिली. वरची, म्हणजे पाचवी ते दहावीची, मुख्यतः खासगी संस्थांच्या अनुदानित विद्यालयांकडे गेली. अनुदान मागणाऱ्यास मिळते. ज्या गावी इमारत उभारणारा, मुंबईस खेटे घालणारा पुढारी होता तेथे विद्यालय निघाले, शेजारच्या वाडीस ते निघाले नाही. १९५९ च्या फीमाफीने शुल्काचा प्रश्न पुष्कळसा सुटला. अंतराचा सुटला नाही. तो प्रश्न राज्याने मान्य केल्याची स्पष्ट खूण म्हणजे १९९६-९७ ची अहिल्याबाई होळकर योजना, जिने गावात पुढची शाळा नसलेल्या मुलींना एस.टी.चा प्रवास मोफत केला. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ हे धोरण येऊन नव्या शाळांचा खर्च पालकांच्या व अर्धपोटी शिक्षकांच्या माथी पडला. ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळण्यात आला. एका विशेषणाने इतक्या संसारांचे नशीब ठरविल्याचे उदाहरण मराठी शासनव्यवहारात क्वचितच सापडेल.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण हक्काचे केले. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर ठरले. चौथीचा कडा अशा रीतीने कागदावर मोडला. परंतु जिल्हा परिषदेच्या शाळेस पाचवी जोडावयाची म्हणजे विद्यालयाची पाचवी व तिजवरील शिक्षकाचे पद कमी होण्याचा संभव, त्यामुळे ठिकठिकाणी दोन्ही बाजू अडून राहिल्या. दरम्यान पदांची संख्या पटावर बांधणाऱ्या संचमान्यतेने लहान गावांच्या शाळा आणखी दुबळ्या केल्या: पट घटला की शिक्षक जातो, शिक्षक गेला की ज्यांना शक्य आहे ते पालक मूल मलकापूरच्या वा बुलढाण्याच्या शाळेत घालतात, आणि पट पुन्हा घटतो. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या शाळा नजीकच्या शाळेत सामावून घेण्याचा निर्णय झाला, २०२३ मध्ये समूह शाळेची कल्पना पुढे आली. उर्दू माध्यमाच्या मुलांना ह्या हिशेबाचा दुहेरी फटका बसतो, कारण त्यांच्या दृष्टीने ‘नजीकची शाळा’ म्हणजे नजीकची उर्दू शाळा होय.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा एक रकाना असतो. तेथे बहुधा ‘पुढील शिक्षणासाठी’ असे लिहिले जाते. पुढची शाळा किती दूर आहे आणि ते मूल तेथे पोचले काय, ह्यासाठी त्या दाखल्यावर रकाना नाही.