एका व्हिशावर २९ देश फिरा, पण आयर्लंड त्यात नाही; असं का?

वांगणी : मोखाड्याहून त्र्यंबकला जाताना पालघर जिल्हा संपतो आणि नाशिक जिल्हा लागतो. एसटीत झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. तलासरीच्या पुढे गेलं की राज्यच बदलतं, पाट्यांवरची लिपी गुजराती होते, बाकी फरक नाही. आधारकार्ड दाखव असं कुणी म्हणत नाही. हीच सोय देशादेशांमध्ये झाली तर? युरोपात ती झालेली आहे, तिला शेंगेन म्हणतात. आणि युरोपातलाच आयर्लंड हा देश या सोयीच्या बाहेर राहिला आहे, तोही स्वतःच्या मर्जीने.

हा विषय आपल्या पोर्टलवर कशाला, असं काहींना वाटेल. कारण सांगतो. आमच्या नात्यातली एक मुलगी नर्सिंग शिकली आहे. आयर्लंडच्या दवाखान्यांत भारतातल्या नर्स मोठ्या संख्येने काम करतात, केरळच्या तर खूपच. मध्यंतरी तिच्या घरच्यांनी मला मोबाईलवर एका एजंटाचा मेसेज दाखवला : युरोपचा व्हिसा एकदाच काढा, आयर्लंडसकट कुठेही जा, काम करा. घरातलं सोनं गहाण ठेवायचं जवळजवळ ठरलं होतं. त्या एका ओळीत दोन खोट्या गोष्टी होत्या. शेंगेनच्या व्हिशावर आयर्लंडमध्ये पाय ठेवता येत नाही, ही पहिली. आणि शेंगेनच्या फिरायच्या व्हिशावर कुठेच नोकरी करता येत नाही, ही दुसरी.

शेंगेन म्हणजे काय

शेंगेन हे लक्झेंबर्ग देशातलं मोसेल नदीकाठचं छोटं गाव. १४ जून १९८५ रोजी तिथे नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला : फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड आणि लक्झेंबर्ग. आपापसातल्या सीमेवरची तपासणी बंद करायची, असं ठरलं. प्रत्यक्षात यायला दहा वर्षं गेली, २६ मार्च १९९५ ला अंमल सुरू झाला. पुढे एकेक देश येत गेला. क्रोएशिया २०२३ ला आला, बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आले. आता २९ देश आहेत. नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड आणि लिकटेन्स्टाइन हे चार युरोपियन युनियनमध्ये नाहीत, तरी शेंगेनमध्ये आहेत. आपल्या माणसाला एका व्हिशावर हे सगळे देश फिरता येतात, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस.

यात एक अट मात्र आहे आणि सगळी गोम तिथेच आहे. आतले दरवाजे काढायचे तर बाहेरचा दरवाजा पक्का पाहिजे. चार भावांनी मधली कुंपणं काढली, तर बांधावरचं बाहेरचं कुंपण प्रत्येकाने नीट राखायचं, नाहीतर एकाच्या बाजूने शिरलेली गुरं चौघांचंही पीक खातात. म्हणून ज्या देशाची सीमा शेंगेनच्या बाहेरच्या देशाला लागते, त्याने तिथे पासपोर्ट तपासलाच पाहिजे. सूट नाही.

आयर्लंडचं कुंपण कुणाला लागतं

आयर्लंड हे बेट. १९२१ मध्ये त्याची फाळणी झाली. दक्षिणेकडचा मोठा भाग १९२२ मध्ये स्वतंत्र झाला, उत्तरेचे सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले. त्यामुळे आयर्लंडला जमिनीवरून लागून असलेला देश एकच, ब्रिटन. ही सीमा सुमारे ५०० किलोमीटर आहे आणि तिला दोनशेहून जास्त रस्ते ओलांडतात. एखाद्याचं घर एका देशात आणि गुरांचं कुरण दुसऱ्या देशात, अशी तिथली स्थिती.

फाळणी झाल्यावर लगेचच दोन्ही देशांनी ठरवलं की एकमेकांच्या माणसांना ये-जा मोकळी ठेवायची. याला सामायिक प्रवास क्षेत्र म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडलं आणि १९५२ मध्ये परत सुरू झालं. म्हणजे शेंगेनच्या कितीतरी आधीची ही व्यवस्था आहे. नुसती ये-जाच नाही. आयरिश माणूस ब्रिटनमध्ये राहू शकतो, नोकरी करू शकतो, सरकारी दवाखान्यात जाऊ शकतो, तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मतदानही करू शकतो. ब्रिटिश माणसालाही आयर्लंडमध्ये जवळपास तेच हक्क.

आता ब्रिटन शेंगेनमध्ये कधी गेलाच नाही. आम्ही बेटावरचे, आमची तपासणी आमच्या बंदरावर आम्हीच करणार, असा त्यांचा हेका. मग आयर्लंडपुढे दोनच वाटा उरल्या. शेंगेनमध्ये जायचं तर त्या सुमारे पाचशे किलोमीटरच्या शेजारच्या सीमेवर नाके बसवायचे. नाहीतर बाहेर राहायचं. १९९७ च्या ॲमस्टरडॅम करारात ब्रिटन आणि आयर्लंड दोघांनीही बाहेर राहायची सवलत लिहून घेतली. ब्रिटन तर ३१ जानेवारी २०२० ला युरोपियन युनियनमधूनच निघाला. आयर्लंड युनियनमध्ये आहे, पैसा युरो आहे, पण शेंगेनमध्ये नाही. युनियनमधला आणखी एक देश, सायप्रस, बाहेर आहे, पण त्याला आत यायचं आहे. बेट दोन भागांत विभागलेलं असल्याने त्याचं अडलंय.

नाक्याचा प्रश्न नुसत्या खोळंब्याचा नाही. उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षं रक्तपात झाला, साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. त्या काळात सीमेवर लष्कराचे बुरूज होते, बरेच छोटे रस्ते खड्डे पाडून, सिमेंटचे ठोकळे टाकून बंद केलेले होते. १० एप्रिल १९९८ च्या करारानंतर शांतता आली आणि हळूहळू बुरूजही गेले. आज तिथून गाडी जाते तेव्हा देश बदलल्याचं वेगमर्यादेच्या पाटीवरून कळतं, एकीकडे किलोमीटर आणि दुसरीकडे मैल. तिथे पुन्हा खांब रोवून माणूस उभा करायला कुणी तयार नाही.

मालवणच्या वराडचा धागा

या भांडणात एक मराठी माणूसही आहे. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मूळ मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. लिओ यांचा जन्म डब्लिनचा, आई आयरिश, नर्स. २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ ते पंतप्रधान होते. डिसेंबर २०१९ मध्ये कुटुंबासह ते वराडला येऊनही गेले.

ब्रेक्झिटची बोलणी नेमकी त्यांच्याच काळात झाली. सीमेवर नाका नको, हा त्यांचा एकच धोशा. २०१८ च्या एका बैठकीत त्यांनी युरोपच्या नेत्यांपुढे जुनं वर्तमानपत्र ठेवलं. त्यात १९७२ मध्ये न्यूरीजवळच्या कस्टम नाक्यावर झालेल्या बॉम्बस्फोटाची बातमी होती, नऊ जण मेले होते. नाका बसवला की नाका हेच निशाण होतं, असं त्यांना दाखवायचं होतं. शेवटी मालाची तपासणी समुद्रातल्या बंदरांवर न्यायची असं ठरलं, जमिनीवरची सीमा मोकळी राहिली.

आपल्याला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला दादरा नगर हवेली आहे. ऑगस्ट १९५४ पर्यंत तिथे पोर्तुगीज राज्य होतं. इकडे वारली, कोकणा आणि तिकडेही वारली, कोकणाच. सोयरीक तीच, देव तेच, मधे मात्र दुसऱ्या देशाची हद्द. आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये राज्याराज्यांच्या हद्दी बंद झाल्या, तेव्हा कामाला गेलेली आपली माणसं मुलंबाळं घेऊन पायी निघाली. सीमा बंद होणं म्हणजे काय, ते त्यांना विचारावं.

नेपाळचंही असंच. १९५० च्या करारामुळे आपण नेपाळला आणि नेपाळी माणूस आपल्याकडे व्हिशाशिवाय येतो. समजा नेपाळला उद्या चीनने म्हटलं, आमच्याशी सीमा उघडी करा पण भारताकडची बंद करा, तर नेपाळ हजार वेळा विचार करेल. लाखो नेपाळ्यांची रोजीरोटी इकडे आहे. आयर्लंडचा हिशोब तोच.

तोटा होतो का? होतो. आयरिश माणसाला पॅरिसला उतरल्यावर पासपोर्ट दाखवावा लागतो. युरोप फिरायला आलेला भारतीय दुसरा व्हिसा काढायच्या कंटाळ्याने डब्लिन वगळतो. माझ्या मते हा सौदा आयर्लंडला तरीही स्वस्तच पडला आहे.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं

आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. फिरायला जाणाऱ्या भारतीयांसाठी २०१५ पासून एक सोय आहे : ब्रिटनच्या किंवा आयर्लंडच्या ठरावीक व्हिशावर 'बीआयव्हीएस' असा शिक्का असेल तर त्याच व्हिशावर दोन्हीकडे जाता येतं. मात्र ज्या देशाने व्हिसा दिला, तिथे आधी उतरायचं. शिक्का नसेल आणि डब्लिनहून बेलफास्टची बस पकडली, तर वाटेत बहुधा कुणी अडवणार नाही, तरीही ते बेकायदेशीरच. नाका नाही म्हणजे कायदा नाही असं नव्हे. यात पुष्कळ जण फसतात.

नोकरीला जायचं तर कामाचा परवाना आणि दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. नर्सला त्याआधी तिथल्या नर्सिंग मंडळाकडे नोंदणी करावी लागते, इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना पाहिजे. ई-मायग्रेट या सरकारी साईटवर तो तपासता येतो. परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. पावती मागा.

आमच्या नात्यातल्या मुलीने त्या मेसेजवाल्याला परवाना नंबर विचारला. त्याने तिला ब्लॉक केलं. सोनं घरातच आहे. ती आता इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आणि रेंज मिळावी म्हणून संध्याकाळी फोन घेऊन टेकाडावर जाऊन बसते.