माझा शेजारी कोण?

कोल्हापूरची मंगळवार पेठ ही तालमींची पेठ. तेथील तांबड्या मातींत उतरणारा मल्ल प्रथम जोड पाहतो. समोरचा आपल्या तोडीचा आहे कीं नाहीं, हें पारखतो. व्यवहारांतलें प्रेमहि बहुधा असेंच जोड पाहून जडतें. आपला भाऊबंद, आपल्या आळींतला, आपल्या जातीचा, उपकाराची फेड करूं शकणारा, अशांवर मनुष्याचा जीव सहज बसतो. ख्रिस्ती धर्मानें ज्या प्रेमास सर्वांत वरचें स्थान दिलें, त्याची रीत मात्र निराळी आहे.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेंत या प्रेमास ‘अगापे’ असा शब्द आहे. मराठी बायबलांत त्यास ‘प्रीति’ म्हटलें आहे. ही प्रीति म्हणजे केवळ मनाचा उमाळा नव्हे. समोरच्याची योग्यता न पाहतां त्याचें हित करण्याचा तो निश्चय होय. येशूनें तिचें स्वरूप एका दृष्टान्तानें सांगितलें. यरुशलेमेहून यरीहोस जाणारा एक वाटसरू लुटारूंच्या हातीं सांपडून अर्धमेला पडला होता. याजक आला व बाजूनें निघून गेला. लेवीहि तसाच गेला. यहुदी ज्यांस तुच्छ मानीत, त्या शोमरोनी लोकांपैकीं एकजण मात्र थांबला. त्यानें जखमा बांधल्या, त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें आणि खर्चाचे पैसेहि भरले. मूळ प्रश्न ‘माझा शेजारी कोण?’ असा होता. शेजारी शोधावयाचा नसून आपणच शेजारी व्हावयाचें असतें, हें त्याचें उत्तर. त्या शोमरोन्यानें जखमी माणसाचा धर्म विचारल्याचा कथेंत उल्लेख नाहीं, हेंहि ध्यानांत घेण्याजोगें आहे.

या शिकवणीची परीक्षा लवकरच झाली. इ. स. २५० च्या सुमारास रोमन साम्राज्यांत मोठी सांथ पसरली. त्याच काळांत ख्रिस्ती लोकांचा छळहि झाला होता. तरी कार्थेजचा बिशप सिप्रियन यानें आपल्या मंडळीस स्वकीयांबरोबर वैऱ्यांचीहि सेवा करण्यास सांगितलें. पुढें शतकाभरानें सम्राट जूलियन यानें (राज्यकाल ३६१ ते ३६३) एका पुरोहितास लिहिलेल्या पत्रांत खंत व्यक्त केली कीं, हे लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याहि गरिबांस पोसतात. जूलियन हा ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक होता. म्हणूनच त्याच्या या साक्षीचें मोल अधिक.

कोल्हापुरांत ही शिकवण मिशनऱ्यांबरोबर आली. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी पत्नी एलायझा यांच्यासह १८५२ मध्यें येथें आले व त्यांनीं शाळा काढल्या. १८७० मध्यें हें मिशन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलें. त्या काळच्या लोकांस पडलेला प्रश्न रास्त होता: हा परोपकार कीं धर्मान्तराचें आमिष? मोबदला मागणारी सेवा निष्काम कशी म्हणावी? हा प्रश्न टाळतां येत नाहीं, कारण मिशनचा धर्मप्रसाराचा हेतु उघड होता. विशेष असें कीं, ख्रिस्ती ग्रंथहि हाच प्रश्न विचारतो. सर्वस्व वांटून टाकलें, परंतु अंतरीं प्रीति नसली, तर तें दान व्यर्थ होय, असें संत पौलानें करिंथ येथील मंडळीस बजावलें आहे.

या कसोटीवर मिरजेचें उदाहरण पाहण्याजोगें आहे. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्यें हिंदुस्थानांत आले. प्रथम त्यांनीं सांगलीस दवाखाना चालविला. मिरजेचें त्यांचें रुग्णालय १८९४ मध्यें उघडलें. त्यापूर्वींच, १८९१ मध्यें, कोल्हापूर ते मिरज आगगाडी सुरू झाली होती. त्यामुळें मंगळवार पेठेंतील रोग्यासहि मिरज जवळ आली. तेथें प्रार्थना होत, उपदेशहि होई. परंतु शस्त्रक्रिया होऊन, दृष्टि परत मिळून घरीं जाणारे बहुतेक रोगी ज्या धर्माचे म्हणून आले त्याच धर्माचे म्हणून परतले, आणि तरीहि पुढच्या रोग्यास दार उघडेंच राहिलें. क्षयरोग्यांसाठीं उभारलेल्या आरोग्यधामाचें स्थान आज वानलेसवाडी म्हणून ओळखलें जातें, तर कोल्हापुरांतील एका रुग्णालयास मेरी वानलेस यांचें नांव आहे.

सेवा करणाऱ्याच्या अंतरींचा हेतु इतिहासास दिसत नाहीं. अपेक्षित फळ न मिळतांहि सेवा चालूं राहिली कीं थांबली, एवढेंच त्यास पाहतां येतें. रामेश्वरासाठीं आणलेलें गंगेचें पाणी एकनाथांनीं तहानेल्या गाढवास पाजल्याची कथा मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. त्या गाढवाकडून नाथांस कांहीं मिळावयाचें नव्हतें. ती कथा ऐकत वाढलेल्या पेठेंतील माणसास शोमरोन्याची गोष्ट परकी वाटण्याचें कारण नाहीं.