बेहालाच्या भूजलातील सोमल

पॅरिस ग्रीन हे हिरवेगार चूर्ण म्हणजे तांबे, आर्सेनिक आणि अ‍ॅसिटिक आम्ल यांचे संयुग असून त्याच्या वजनाचा सुमारे ४४ टक्के भाग आर्सेनिकचा असतो. जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे १८१४ मध्ये ते रंगद्रव्य म्हणून तयार होऊ लागले आणि पुढे अमेरिकेत बटाट्यावरील भुंगेऱ्यांसाठी वापरले गेले. अ‍ॅनॉफिलिस डासाच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागावरच अन्न टिपतात हे हेरून, १९२१ नंतर हिवताप रोखण्यासाठी ते साचलेल्या पाण्यावर धुरळले जाऊ लागले. ज्या कोलकात्यात रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये पक्ष्यांतील हिवतापाचे डासांमार्फत होणारे संक्रमण सिद्ध केले, त्याच शहराच्या दक्षिण भागातील बेहाला येथे एका कारखान्याने सुमारे वीस वर्षे हे कीटकनाशक बनवले आणि त्याचे आर्सेनिकयुक्त सांडपाणी भिंतीबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर सोडले.

ते पाणी मुरत मुरत भूजलात उतरले, आणि विहिरी-तळ्यांच्या पाण्याहून निर्धोक मानल्या गेलेल्या हातपंपांतून घराघरांत पोहोचले. आर्सेनिकला वास नाही, चव नाही. सोमल, म्हणजे आर्सेनिकचे पांढरे ऑक्साइड, विषप्रयोगासाठी कुप्रसिद्ध ठरले ते याचमुळे. अल्प मात्रेत ते वर्षानुवर्षे पोटात गेले की अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके उमटतात, तळहात-तळपाय खरखरीत होऊन त्यांवर कठीण गाठी येतात, यकृत घट्ट होते, हातापायांच्या नसा बधिर होतात, आणि काहींना पुढे त्वचेचा किंवा मूत्राशयाचा कर्करोग जडतो.

पश्चिम बंगालच्या खेड्यांत ही लक्षणे कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी १९८३ मध्येच ओळखली होती, परंतु तेथील आर्सेनिक गाळाच्या थरांतून निसर्गतः पाण्यात उतरलेले होते. बेहालाचे विष माणसाने ओतलेले होते, आणि हा भेद उत्तरदायित्वाच्या दृष्टीने निर्णायक आहे. डी. एन. गुहा मजुमदार व सहकाऱ्यांनी तेथील १७ कुटुंबांतील ७९ जणांची तपासणी केली, तेव्हा ५३ जणांत दीर्घकालीन आर्सेनिकबाधेची लक्षणे आढळली. त्यांचा हा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती यांच्या गटाने याच वस्तीचा आठ वर्षे पाठपुरावा करून १९९८ मध्ये आपला अहवाल मांडला.

अशा रुग्णांसाठी खात्रीचे औषध नाही. दूषित पाणी थांबवणे हाच पहिला उपाय असला, तरी तो योजल्यावर त्वचेचे डाग काहीसे फिकटतात, यकृताची इजा मात्र बहुधा मागे राहते आणि कर्करोगाचा धोका पुढील कित्येक दशके टिकतो.