क्रोशाची चकती : एका घरगुती कलेचा आणि तिच्या मजुरीचा इतिहास

ईदच्या दिवशी पाहुणे येतात. शीरखुर्म्याच्या वाट्या फिरतात, उन्हाळा असेल तर सरबताचे गार ग्लास पुढे केले जातात. त्या ग्लासाखाली पांढऱ्या सुताची, नक्षीदार काठाची एक गोल चकती असते. पाहुणा सरबताची तारीफ करतो, शीरखुर्म्यात मेवा किती घातला हेही विचारतो. पण ती चकती कोणी विणली आणि तिला किती वेळ लागला, हे सहसा कोणी विचारीत नाही. विचारलेच तर आतून उत्तर येते, "काही नाही, रिकाम्या वेळात केली." ह्या 'काही नाही'चा इतिहास थोडक्यात सांगावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

क्रोशा हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. त्याचा अर्थ लहान आकडा. आपल्या देशात मागावरचे विणकाम हजारो वर्षांचे जुने आहे. त्या मानाने क्रोशा हे अगदी अलीकडचे मूल. १८२३ साली 'पेनेलोपे' ह्या डच मासिकात क्रोशाचे नमुने आले होते, आणि ते सर्वांत जुन्या छापील नमुन्यांपैकी समजले जातात. म्हणजे ह्या कलेचे ज्ञात वय जेमतेम दोनशे वर्षे. माग नको, जागा नको, भांडवल नको. एक सुई, एक रीळ आणि दोन हात एवढ्यावर ती उभी राहते. म्हणूनच ती गरिबांच्या घरात लवकर शिरली.

ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण आयर्लंडचे आहे. १८४५ साली तेथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भयंकर दुष्काळ आला. लाखो माणसे उपासमारीने व रोगराईने मेली, लाखो देश सोडून गेली. त्या दिवसांत कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन नन्सनी मुलींना क्रोशा शिकवला. क्लोन्स गावी कॅसँड्रा हँड ह्या धर्मोपदेशकाच्या पत्नीने १८४७ साली हेच काम सुरू केले. शेती बुडालेल्या घरांत बायका-मुलींनी विणलेल्या झालरी विकून भाकरी आली, घराचे भाडे भरले गेले आणि कित्येकांच्या परदेशी जाण्याच्या तिकिटाचीही सोय झाली. ज्याला लोक फावल्या वेळेचा चाळा म्हणत, त्याने घरे तगवली. परंतु ह्या धंद्याची दोरी विणणारीच्या हाती नव्हती. माल उचलणारा व्यापारी वेगळा आणि फॅशन ठरविणारी दूरची बाजारपेठ वेगळी. पुढे फॅशन पालटली, यंत्राची स्वस्त लेस आली आणि हा धंदा ओसरला.

आपल्या देशात ही कला मुख्यतः मिशनरी स्त्रियांनी आणली. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने १८२४ साली मुलींची शाळा उघडली. अशा शाळांतून अक्षरओळखीबरोबर शिवणकामही शिकवले जाई. मात्र क्रोशाचा खरा मोठा धंदा वाढला तो आंध्रात, गोदावरीच्या मुखाकडील नरसापूर भागात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनऱ्यांनी तेथील स्त्रियांना हे काम शिकवले, आणि विसाव्या शतकात नरसापूरची लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस ह्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी ह्या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले की, ह्या बायका दिवसाचे कित्येक तास विणतात, पण त्यांची कमाई शेतमजूर स्त्रीच्या किमान वेतनाच्याही बरीच खाली राहते. का? तर निर्यातदार म्हणतो, ह्या गृहिणी आहेत, फुरसतीत विणतात. घरचे पुरुष तेच म्हणतात, आणि त्या स्त्रियाही स्वतःविषयी तेच म्हणतात! 'काही नाही, रिकाम्या वेळात केले' ह्या एका वाक्याने मजुरी खाली आणली. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. कलेचा मान झाला. विणणारीच्या मजुरीचा प्रश्न मात्र नुसत्या मानांकनाने सुटत नाही.

आता आपल्या चिंचपोकळीकडे वळू. येथल्या पुलावर उभे राहिले, तर एके काळी चहूकडे गिरण्यांची धुराडी दिसत. कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला, आणि नंतरच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा हा सारा भाग गिरणगाव झाला. गंमत अशी की, सुताच्या ह्या नगरीत क्रोशाचा दोरा मात्र विलायतेचा चाले. मुंबईच्या गिरण्या त्या काळी मुख्यतः जाडे सूत काढीत, आणि त्यातले बरेचसे चीनला जाई. बारीक, पिळदार, चकाकणारा दोरा स्कॉटलंडमधल्या पेझली गावच्या कोट्ससारख्या कारखान्यांतून येई.

चिंचपोकळीहून सात रस्त्यामार्गे थोडे पुढे गेले की मदनपुरा लागतो. १८५७ नंतरच्या काळात आझमगढ, बनारस ह्या बाजूचे मोमीन विणकर येथे येऊन राहिले. विणकराच्या घरात मागावर पुरुष बसे, पण कांड्या भरून देणारे हात बहुधा बायकामुलांचे असत. विणकर म्हणून नाव एकाचे, मेहनत सगळ्या घराची! गिरणीतही स्त्रिया होत्या. १९२० नंतरच्या काही वर्षांत गिरणी कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता, आणि त्या प्रामुख्याने वाइंडिंग व रीळिंग खात्यांत काम करीत. पुढे नवी यंत्रे आली, कामाची फेररचना झाली आणि त्यांची संख्या घटत गेली. गिरणीतून बाहेर पडलेली बाई घरी बसली, पण तिचे हात बसले नाहीत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पगार थांबले, आणि पुढे एकेक गिरणीही बंद झाली. त्या कठीण काळात चाळीचाळींतून संसार ज्यांनी ओढले, त्यांत घरबसल्या मिळेल ते काम करणाऱ्या बायका होत्या. कोणी शिवण घेतले, कोणी डबे केले, कोणी विणकाम-भरतकाम धरले. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे आहेत, गिरण्यांची नावे आहेत. ह्या हातांची नोंद मात्र फारच थोडी.

ह्याच मुंबईत दुसरा मार्गही दिसला, तो विसरून चालणार नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था झाली, आणि तिच्यात पापड लाटणारी बहीणच मालकीण ठरली. १९७५ साली प्रेमा पुरव ह्यांनी गिरणी कामगारांच्या खाणावळी चालविणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि सावकाराच्या कर्जाऐवजी बँकेच्या कर्जाची वाट दाखविली. पापड काय, पोळीभाजी काय, ही कामेही 'काही नाही' ह्याच सदरात मोडत होती. फरक पडला तो एकजुटीने आणि हिशेबाच्या वहीने.

आता थोडे प्रत्यक्ष कलेविषयी, कारण तिच्यात विद्यार्थ्यांनी पाहण्यासारखे गणित आहे. चकती मध्यापासून सुरू होते. साखळीचे लहान कडे करून त्यात १२ खांब घालतात. दुसऱ्या फेरीत २४, तिसरीत ३६, चौथीत ४८. प्रत्येक फेरीला बारा-बाराच वाढवीत गेले, तर चकती सपाट राहते. जास्त वाढवले तर काठाला झालरीसारख्या चुण्या पडतात. वाढविणे थांबवले तर काठ वर उचलला जातो आणि चकतीची टोपी होते! आपल्याकडील जाळीची टोपी अशीच मध्यापासून फेऱ्याफेऱ्यांनी विणली जाते. बोहरा समाजातील पुरुषांची सोनेरी काठाची पांढरी टोपी घरोघरच्या स्त्रिया क्रोशानेच विणतात आणि अनेकींना त्यातून मिळकतही होते. म्हणजे जिला चकती जमली, तिला टोपीचा अर्धा रस्ता सापडला. वर्तुळ आणि त्याचा परीघ ह्यांचे नाते जे मूल सुईवर मोजते, त्याला भूमितीची भीती वाटू नये.

ऋतूप्रमाणे ह्या चकत्यांचे प्रकार करता येतात. उन्हाळ्यात गार ग्लासाला बाहेरून पाणी सुटते, म्हणून तेव्हा जाड, टिपून घेणारे सुती सूत उत्तम. पावसाळ्यात जाड चकती लवकर वाळत नाही, तेव्हा जाळीदार, पातळ नमुना घ्यावा. गरम चहाच्या कपाखाली कृत्रिम लोकर टाळावी, कारण ती पाणी टिपत नाही आणि फार तापलेल्या भांड्याने खराब होते. साबुदाण्याची पातळ खळ दिली की काठ ताठ उभा राहतो. ईद, दिवाळी, नाताळ, लग्नाचे रुखवत अशा निमित्ताने सहा चकत्यांचा संच भेट म्हणून शोभतो. बचत गटांची प्रदर्शने, 'महालक्ष्मी सरस'सारखे मेळावे, शाळांचे आनंदमेळे येथे अशा वस्तूंना गिऱ्हाईक मिळू शकते.

पण येथेच जपावे लागते. समजा, एक चकती विणायला एक तास लागतो; म्हणजे सहांच्या संचाला सहा तास. सुताचा खर्च ६० रुपये धरू. दुकानदाराने संच १२० रुपयांना उचलला, तर हाती उरले ६० रुपये, म्हणजे तासाला अवघे १० रुपये. तोच संच प्रदर्शनात ३०० रुपयांना विकला आणि गाळ्याचे भाडे व जाण्यायेण्याचा खर्च मिळून ६० रुपये गेले, तर उरतात १८०, म्हणजे तासाला ३० रुपये. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण रीत खरी आहे. जी बाई आपला तास मोजीत नाही, तिला हा तिप्पट फरक दिसतच नाही. क्रोशाचा टाका यंत्रावर हुबेहूब काढणे आजही कठीण आहे. तेव्हा बाजारात क्रोशाची वस्तू फार स्वस्त दिसली, की समजावे, कोणाच्या तरी हातांना कमी मिळाले आहे.

घरी बसून काम करणारा हाही कामगारच, असे जगाने उशिरा मान्य केले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरेलू उत्पादन करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला तो १९९६ साली. आपल्या सरकारने २०२१ साली असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम सुरू केले, आणि त्यात घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रीलाही नाव नोंदवता येते. पण नाव नोंदवायचे, तर आधी 'मी काम करते' असे तिला स्वतःला म्हणता आले पाहिजे.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते की, मुलीच्या हाती सुई जरूर द्या, मुलाच्या हातीही द्या. पण सुईबरोबर वहीही द्या. सूत किती लागले, वेळ किती गेला, कितीला विकले, हे तिला लिहू द्या. आणि विणकाम येते म्हणून तिची शाळा थांबवू नका. आयर्लंड आणि नरसापूर येथे हाताला कौशल्य होते, हिशेब दुसऱ्याकडे होता. गिरगावात हिशेब बहिणींच्या हाती आला आणि पापडाची संस्था झाली.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर ग्लासाखालची चकती उलटून पाहा. तिच्या फेऱ्या मोजा, खांब मोजा. मग ती कोणी विणली ते विचारा, आणि "काही नाही" ह्या उत्तरावर गप्प बसू नका.