ओर्तोना : प्रेषित संत थॉमस यांच्या अस्थी जपणारे अॅड्रिअॅटिक किनाऱ्यावरील नगर

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, अब्रुत्सो प्रांतातील किएती जिल्ह्यात, अॅड्रिअॅटिक समुद्रात डोकावणाऱ्या एका उंच कड्यावर ओर्तोना हे प्राचीन नगर वसलेले आहे. रोम, असिसी, पादुआ, लोरेटो ही तीर्थक्षेत्रे आपल्या भाविकांना चांगली परिचित आहेत. ओर्तोनाचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच ऐकू येते. वास्तविक भारतीय ख्रिस्ती जनांचे या नगराशी असलेले नाते फार जवळचे आहे. भारतात शुभवर्तमानाची घोषणा करणारे प्रेषित म्हणून आपण ज्यांचा गौरव करतो, त्या संत थॉमस यांच्या अस्थी म्हणून पूजनीय मानले जाणारे अवशेष इ. स. १२५८ पासून येथील मंदिरात जतन केलेले आहेत. याच परिसरात दुसऱ्या महायुद्धात धारातीर्थी पडलेल्या शेकडो भारतीय जवानांचे स्मारकही आहे. इटलीची यात्रा योजणाऱ्या भाविकांना उपयुक्त ठरावी म्हणून या नगराची माहिती येथे एकत्रित दिली आहे.

नगराची ओळख

रोमन सत्तेच्या उदयापूर्वी या किनारपट्टीवर फ्रेन्तानी नावाच्या लोकांची वस्ती होती व ओर्तोना हे त्यांचे बंदर होते. आजही ते अब्रुत्सो प्रांतातील एक महत्त्वाचे बंदर आहे. बंदर खाली आणि जुने नगर वर कड्यावर, अशी येथील रचना आहे. इ. स. १४४७ मध्ये व्हेनिसच्या आरमाराने बंदरावर हल्ला करून ते जाळले. त्यानंतर आरागॉनचा राजा आल्फोन्सो याने कड्याच्या टोकावर किल्ला बांधविला. दुसरे महायुद्ध व त्यानंतरची भूस्खलने यांत या किल्ल्याची बरीच हानी झाली. डागडुजी केलेला त्याचा उरलेला भाग आज पाहता येतो. किल्ल्यापासून नगराकडे येणाऱ्या रस्त्याला ‘पूर्वेचा फेरफटका’ अशा अर्थाचे नाव आहे. तेथून खालचे बंदर आणि दूरवर पसरलेला समुद्र दृष्टीस पडतो.

इ. स. १५८२ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स याची कन्या, ऑस्ट्रियाची मार्गारेट हिने हे नगर विकत घेतले. वास्तुशिल्पी जाकोमो देल्ला पोर्ता याच्या आराखड्यानुसार तिने येथे वाडा बांधावयास घेतला. तो पूर्ण होण्यापूर्वीच, जानेवारी १५८६ मध्ये, तिचे ओर्तोनातच निधन झाले. हा वाडा आज ‘पालात्सो फार्नेसे’ या नावाने ओळखला जातो. पुढील काळात या नगराने जगाला फ्रान्चेस्को पाओलो तोस्ती (१८४६-१९१६) हा प्रसिद्ध गीतरचनाकार दिला. त्याच्या नावाची संगीतसंस्था आजही ओर्तोनात कार्यरत आहे.

अस्थींचा प्रवास : भारत ते ओर्तोना

परंपरेनुसार संत थॉमस यांना इ. स. ७२ मध्ये आजच्या चेन्नईतील मैलापूर परिसरात हौतात्म्य प्राप्त झाले व तेथेच त्यांना पुरण्यात आले. मैलापूर येथील सान थोमे बॅसिलिका त्या कबरीच्या स्थानावर उभी आहे. मग त्यांच्या अस्थी इटलीत कशा आल्या, हा प्रश्न भाविकांच्या मनात येणे साहजिक आहे.

या प्रवासाचे तीन टप्पे सांगितले जातात. पहिला टप्पा भारत ते एदेस्सा. एदेस्सा म्हणजे तुर्कस्तानातील आजचे शानलीउर्फा. इ. स. ३७३ मध्ये दिवंगत झालेले संत एफ्रेम यांच्या रचनांत, एका व्यापाऱ्याने प्रेषिताच्या अस्थी भारतातून एदेस्सात आणल्याचा उल्लेख आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची यात्रेकरू स्त्री एदेस्सास गेली आणि संत थॉमस यांच्या स्मारकस्थानी तिने प्रार्थना केली, अशी नोंद तिच्या प्रवासवर्णनात सापडते. दरवर्षी ३ जुलै रोजी आपण संत थॉमस यांचा सण साजरा करतो. ही तारीखही अस्थींच्या एदेस्सातील आगमनाच्या स्मरणदिनावरूनच आलेली आहे.

दुसरा टप्पा एदेस्सा ते कीऑस. इ. स. ११४४ मध्ये एदेस्सा मुस्लिम सेनापती झेंगी याच्या हाती पडले. त्यानंतर अस्थी ग्रीसच्या कीऑस बेटावर नेण्यात आल्या, असे मानले जाते. तिन्ही टप्प्यांत लेखी पुराव्याच्या दृष्टीने हाच दुवा सर्वांत क्षीण आहे.

तिसरा टप्पा कीऑस ते ओर्तोना. व्हेनिस व जिनोआ यांच्यातील युद्धाच्या काळात ओर्तोनाचा नौकाधिपती लिओने अच्चायुओली तीन गलबते घेऊन पूर्वेकडील समुद्रात गेला होता. कीऑस बेटावरील मंदिरातून त्याने प्रेषिताच्या अस्थी व कबरीवरील शिळा आपल्या गलबतावर आणली. ६ सप्टेंबर १२५८ रोजी तो ओर्तोनास पोहोचला. पुढच्याच वर्षी, २२ सप्टेंबर १२५९ रोजी, बारी या नगरात याविषयी साक्षी नोंदवून एक चर्मपत्र तयार करण्यात आले. कीऑसच्या मंदिरात संत थॉमस यांचे अवशेष होते, याला दुजोरा देणारे हे चर्मपत्र ओर्तोनात जपून ठेवले आहे. शिळेवर संताची अर्धाकृती व ग्रीक अक्षरांत त्यांचे नाव कोरलेले आहे.

अस्थी युद्धाच्या धामधुमीत उचलून आणल्या गेल्या, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. मध्ययुगात अशा घटना अनेक ठिकाणी घडल्या. त्याचप्रमाणे, संतांच्या विशिष्ट अवशेषांची सत्यता हा ख्रिस्तसभेच्या श्रद्धातत्त्वाचा भाग नाही, हेही भाविकांनी ध्यानात ठेवावे. अवशेषांचा आदर हा त्या संताने ज्या प्रभूसाठी प्राण वेचले, त्या प्रभूकडे नेणारा मार्ग असतो. ज्या प्रेषिताने जखमांना हात लावल्यावाचून विश्वास ठेवण्यास नकार दिला आणि पुनरुत्थित प्रभू समोर उभा राहताच त्याच्या देवत्वाची सर्वांत स्पष्ट कबुली दिली, त्याच्या कबरीपाशी चौकस मनाने जाण्यात श्रद्धेचा अवमान नाही.

बॅसिलिका

अस्थी आल्यापासून या मंदिराचे व नगराचे जीवन एकरूप झाले. चौदाव्या शतकात स्वीडनच्या संत ब्रिजिट येथे यात्रेस आल्या होत्या. त्यांच्या साक्षात्कारांच्या ग्रंथात या अवशेषांचा उल्लेख आहे. १ ऑगस्ट १५६६ रोजी पियाले पाशा याच्या तुर्की आरमाराने ओर्तोना लुटून जाळले. मंदिरही आगीत सापडले, परंतु अस्थी बचावल्या. इ. स. १५७० मध्ये पोप संत पायस पाचवे यांनी ओर्तोना धर्मप्रांताची स्थापना केली. आज हे नगर लांचानो-ओर्तोना या महाधर्मप्रांतात मोडते. इ. स. १८५९ मध्ये या मंदिराला बॅसिलिकेचा दर्जा देण्यात आला.

अस्थी मुख्य मंदिराच्या खाली असलेल्या भुयारी प्रार्थनालयात, वेदीतील सोनेरी मुलाम्याच्या तांब्याच्या पेटीत ठेवलेल्या आहेत. कीऑसहून आणलेली शिळाही येथेच पाहावयास मिळते. संत थॉमस यांची चांदीची अर्धप्रतिमा हा बॅसिलिकेचा आणखी एक ठेवा आहे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी येथे ‘पेर्दोनो’ म्हणजे क्षमेचा सण साजरा होतो. त्या निमित्ताने चांदीच्या चाव्यांची ऐतिहासिक मिरवणूक निघते व नगरपालिका आणि मंदिर मिळून आपल्या आश्रयदात्या संताचा गौरव करतात.

भारताशी जोडलेले दुवे

ओर्तोनाने आपला ठेवा भारताबरोबर वाटूनही घेतला. इ. स. १९५३ मध्ये कार्डिनल यूजेन तिसेराँ यांनी ओर्तोना येथील अवशेषांपैकी उजव्या हाताचे एक अस्थिखंड केरळातील कोडुंगल्लूर येथे आणले. संत थॉमस तेथेच भारताच्या भूमीवर उतरले, अशी परंपरा आहे.

दुसरा दुवा मुंबईचा. इ. स. १९६४ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली व पोप संत पॉल सहावे तीसाठी भारतात आले. ते आले त्या दिवशी, २ डिसेंबर १९६४ रोजी, भारतीय टपाल खात्याने संत थॉमस यांच्या स्मरणार्थ एक तिकीट प्रसिद्ध केले. त्यावरील चित्र ओर्तोनाच्या मंदिरातील प्रतिमेवरून घेतलेले होते. ज्या कुटुंबांत जुनी तिकिटे जपून ठेवलेली असतील, त्यांनी ते अवश्य शोधून पाहावे.

डिसेंबर १९४३

ओर्तोनाच्या इतिहासातील सर्वांत दुःखद पर्व दुसऱ्या महायुद्धातील आहे. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रे खाली ठेवल्यावर राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याच बंदरातून युद्धनौकेने दक्षिणेकडे निघून गेला. नगर जर्मन सैन्याच्या ताब्यात राहिले. २० ते २८ डिसेंबर १९४३ या काळात कॅनडाचे सैन्य व जर्मन छत्रीधारी सैनिक यांच्यात येथे घराघरांतून लढाई झाली. स्फोटांत संत थॉमस यांच्या मंदिराचा मोठा भाग कोसळला. या युद्धात १३०० हून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले.

नाताळच्या दिवशीही लढाई थांबली नाही. सांता मारिया दी कोस्तान्तिनोपोली या मंदिरात कॅनडाच्या एका पलटणीच्या तुकड्या आळीपाळीने आघाडीवरून येत, तेथे मांडलेल्या टेबलांवर नाताळचे जेवण घेत व पुन्हा लढावयास जात. काहींचे ते अखेरचे जेवण ठरले. इ. स. १९९८ च्या नाताळात त्याच मंदिरात कॅनेडियन व जर्मन माजी सैनिक एकत्र जेवावयास बसले. ज्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, ते वृद्धापकाळी एका पंक्तीला बसले, ही गोष्ट क्षमेचा सण साजरा करणाऱ्या या नगराला शोभणारी आहे.

संत थॉमस यांचे मंदिर पुन्हा उभारण्यात आले व इ. स. १९४९ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. युद्धाची माहिती देणारे संग्रहालय नगरात इ. स. २००२ पासून आहे. नगराच्या दक्षिणेस, मोरो नदीजवळच्या कॅनेडियन युद्धसमाधीस्थळात १६१५ समाध्या आहेत.

सांग्रो नदीकाठचे भारतीय जवान

या मोहिमेत भारतीय सैन्याचाही मोठा वाटा होता. आठव्या भारतीय डिव्हिजनने नोव्हेंबर १९४३ मध्ये सांग्रो नदी ओलांडली. डिसेंबरमध्ये ओर्तोनाच्या पश्चिमेकडील व्हिला ग्रांदे या खेड्यासाठी तिने नाताळच्याच आठवड्यात लढाई दिली. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण याच डिव्हिजनमध्ये होती. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी सेन्यो नदीकाठी ज्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, ते अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव या पलटणीचेच शिपाई.

ओर्तोनाच्या दक्षिणेस, तोरिनो दी सांग्रो गावाजवळ सांग्रो नदी युद्धसमाधीस्थळ आहे. तेथे राष्ट्रकुलातील २६१७ सैनिकांच्या समाध्या आहेत. त्याच आवारातील दहनस्मारकावर, स्वधर्मानुसार ज्यांचे दहन करण्यात आले, अशा ५०० हून अधिक भारतीय जवानांचे स्मरण केलेले आहे. त्यांच्या आप्तांना येथवर येणे शक्य नव्हते. हजारो मैल दूर असलेल्या या भूमीवर आपल्या देशाचे पुत्र विसावले आहेत. प्रेषिताच्या कबरीपाशी जाणाऱ्या भारतीय यात्रेकरूंनी या स्मारकापाशी थांबून त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. मृतांचे स्मरण हे दयेचे कृत्य आहे आणि त्यात धर्माचा भेद येत नाही. ज्यांचे पूर्वज इटलीच्या आघाडीवर होते, त्यांना राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत नावानुसार शोध घेता येतो.

यात्रेकरूंसाठी

ओर्तोना हे अॅड्रिअॅटिक किनाऱ्यावरील रेल्वेमार्गावरचे स्थानक आहे. उत्तरेकडील पेस्कारा हे शहर सुमारे २० किलोमीटर अंतरावर असून तेथे रोमहून रेल्वेने वा बसने येता येते. स्थानक खाली किनाऱ्यालगत व बॅसिलिका वर नगरात असल्याने वृद्धांनी वाहनाची सोय आधी पाहावी. इटलीतील मंदिरे दुपारी काही तास बंद असतात, हे लक्षात घेऊन सकाळी वा सायंकाळी भेट योजावी. समूहासोबत असलेल्या धर्मगुरूंना भुयारी प्रार्थनालयात मिस्सा अर्पण करावयाची असल्यास बॅसिलिकेशी आगाऊ पत्रव्यवहार करणे श्रेयस्कर. पायी चालणाऱ्यांसाठी रोम ते ओर्तोना असा ३०० हून अधिक किलोमीटरचा ‘संत थॉमस मार्ग’ आहे.

जवळच असलेल्या लांचानो येथील युखरिस्त चमत्काराचे स्थान अनेक भाविक पाहतात. परंपरेनुसार ही घटना आठव्या शतकातील आहे. तेथवर जाणाऱ्यांनी आणखी थोडा वेळ काढल्यास ओर्तोना त्याच दिवशी साधता येते. ओर्तोनापासून दक्षिणेकडे किनाऱ्यालगत ‘त्राबोक्की’ म्हणजे समुद्रात खांबांवर उभारलेली मासेमारीची लाकडी मचाणे आहेत. मचाणावरूनच जाळे पाण्यात सोडून वर ओढण्याची ही जुनी पद्धत आहे. येथील जुना रेल्वेमार्ग आता पादचारी व सायकलस्वारांसाठी खुला केलेला आहे.

ओर्तोना तीन वेळा आगीत होरपळले : व्हेनिसच्या हल्ल्यात, तुर्कांच्या लुटीत आणि महायुद्धात. प्रत्येक वेळी नगरवासीयांनी घरांबरोबर आपले मंदिरही सावरले व प्रेषिताच्या अस्थी सांभाळल्या. भारताच्या प्रेषिताचा हा ठेवा ज्यांनी साडेसातशेहून अधिक वर्षे जपला, त्या लोकांविषयी कृतज्ञता बाळगणे हे आपलेही कर्तव्य आहे. ज्यांना तेथे जाणे शक्य नाही, त्यांनी येत्या ३ जुलै रोजी मिस्सेत संत थॉमस यांच्यासोबत या नगराचे, तेथील मृतांचे व सांग्रोकाठच्या आपल्या जवानांचेही स्मरण करावे.