देशात गाजलेला चित्रपट परदेशात का अडतो?

‘वुल्फ वॉरियर २’ (२०१७) या चिनी चित्रपटाने जगभरात सुमारे ८७ कोटी डॉलर कमावले. त्यात अमेरिकेचा वाटा जेमतेम २७ लाखांचा. हा अनुभव आपल्यालाही आहे. व्ही. शांतारामांचा ‘शकुंतला’ (१९४३) मुंबईत दोन वर्षे चालला. १९४७ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये लागला; पण तेथे मुंबईची पुनरावृत्ती झाली नाही.

आता उलट उदाहरण पाहा. भिलाईचा पोलाद कारखाना उभारायला ज्या देशातून अभियंते आले, त्या सोव्हिएत संघात ‘आवारा’ १९५४ मध्ये तुफान चालला. तो रशियनमध्ये डब झाला होता आणि वितरण सरकारी होते. म्हणजे कथेइतकीच भाषा आणि वितरणव्यवस्थाही निर्णायक ठरते.

विचार करा: केवळ उपशीर्षकांवर ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ने (२०००) अमेरिकेत १२ कोटींहून अधिक डॉलर कसे मिळवले?